माफीत बसलेला दादा

दादाबद्दल कुणी विचारलं की मी आधी त्याचे दुर्गुण सांगते. गुण सांगायला लागलं आणि तो जवळपास असेल, तर तो सरळ उठून जातो, आणि आपण हवेशी बोलत बसतो. तर पहिला दुर्गुण, चिकटपणा. चष्म्याची काडी मोडली तेव्हा माझ्या या थोरल्या भावाने ती तांब्याच्या तारेने बांधली, आणि ती तार एका जळलेल्या मोटारीतून फुकट मिळाली हे चार जणांना अभिमानाने सांगितलं. दुसरा दुर्गुण, बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण रागावला तरच. एरवी 'हं', 'हूं' आणि 'शहाणे, चहा पाठव'. शहाणी म्हणजे मी. लहानपणी त्याची एक चूक काढली होती, तेव्हापासून हे नाव मिळालं आणि केस पांढरे झाले तरी सुटलं नाही.

तिसरा दुर्गुण म्हणजे आमचा धाकटा. साऱ्या जगापुढे ताठ असलेला दादा त्याच्यापुढे मेणाचा होतो. वडील गेले तेव्हा धाकटा भिंत धरून चालायला शिकत होता. दादा शाळा सोडून एका पत्र्याच्या दुकानात कामाला लागला आणि धाकट्याला वाढवलं. मलाही वाढवलं, पण मी तोंडाने खंबीर होते, त्यामुळे माझी काळजी करण्याची गरज कुणाला वाटली नाही.

पुढे दोघांनी मिळून लोखंडी कपाटांचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक लांबट शेड. पुढच्या बाजूला दादा पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा आणि कपाटाचं खोकं उभं करायचा. मागच्या बाजूला धाकटा ते घासून रंगवायचा, भट्टीत भाजायचा, कुलूप बसवायचा आणि गावभर हिंडून विकायचा. कपाटाचं दार लोटलं की त्याने चौकटीजवळ क्षणभर थांबावं आणि मग आपलं आपण बसावं, असा दादाचा हट्ट. दार आपटलं तर खोकं पुन्हा खोलायचा. धाकटा डोक्याला हात लावायचा, "अरे, गिऱ्हाईक कपडे ठेवणार आहे त्यात, दाराशी लग्न नाही लावणार." दादा म्हणायचा, "हूं." आणि खोलायचा.

शेडच्या वर दोघांची घरं. घरं कसली, एकच घर, दोन खोल्या यांच्या, दोन त्यांच्या आणि मध्ये एक स्वयंपाकघर. मी गल्लीच्या समोरच्या बाजूला राहते. खाली माझं शिवणाचं दुकान आहे आणि मशीन खिडकीला लावलेलं आहे. समोरच्या शेडमध्ये काय चाललंय ते मला दिसतं. मी मुद्दाम बघत नाही. दिसतं, त्याला माझा इलाज नाही.

नवा कर आला तो आधी अफवेच्या रूपाने. कुणी म्हणे सुईदोऱ्यावरही लागणार, कुणी म्हणे हे फक्त मोठ्यांसाठी आहे. मग एक दिवस शाळेच्या सभागृहात सभा भरली. कर खात्याच्या निरीक्षक बाई आल्या होत्या. वयाने लहान, अंगाने काटकुळ्या, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. योगायोगाने त्यांनी फळ्यावर कपाटच काढलं. म्हणाल्या, "पोलादाच्या कारखान्यातून पत्रा निघाला. त्याचं कुणी कपाट केलं. दुकानदाराने ते विकलं. पूर्वी प्रत्येक वेळी सगळ्या किमतीवर कर बसायचा, करावर कर चढायचा. आता ज्याने जेवढी किंमत वाढवली, तेवढ्यावरच त्याने भरायचं. आधीच्याने भरलेला कर बिल दाखवून वजा करून घ्यायचा. म्हणून बिल मागा आणि बिल द्या. ही साखळी आहे. एक कडी निसटली की पुढच्याचं नुकसान."

मला ते पटलं. कापडावर मी कर भरायचा आणि शिवलेल्या कपड्यावर पुन्हा सगळा भरायचा, यापेक्षा हे शहाणपणाचं होतं. पण तेवढ्यात मागून कुणी तरी विचारलं, "आणि छोट्यांचं काय?" बाई म्हणाल्या, "ठरावीक उलाढालीच्या खाली असाल तर नोंदणी नाही, हिशेब दाखवायचा नाही. माफ."

'माफ' हा शब्द ऐकला आणि सभा संपली. म्हणजे बाई पुढे पुष्कळ बोलत होत्या, माफीत बसण्याचा तोटाही असतो असं काही तरी सांगत होत्या, पण ऐकत कोण होतं? लोक बोटांवर आपली उलाढाल मोजत होते आणि ती कशी कमी भरेल ते बघत होते.

भावांची उलाढाल त्या मर्यादेच्या थोडीशी वर जात होती. अगदी थोडीशी. उडी मारली तर हात पोचेल अशा जागी आंबा असला की माणूस शिडी शोधत नाही, तसं धाकट्याचं झालं. तो हिशेबनीसाकडे गेला. या हिशेबनीसाचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे त्याला पाठीमागे 'पळवाट' म्हणतात, आणि मला वाटतं त्यालाही ते आवडतं. पळवाटने चहा मागवला, पेन्सिल कानामागे खोचली आणि उपाय सांगितला. कारखाना एकाचे दोन करा. पुढचा थोरल्याचा, मागचा धाकट्याचा. दोघंही मर्यादेच्या खाली आणि दोघंही माफीत.

"कागदावरच," धाकटा दादाला समजावत होता. मी तेव्हा चहा घेऊन गेले होते. "फक्त कागदावर, दादा. आपल्यात काय बदलणार आहे?"

दादा पत्र्यावर खूण करत होता. म्हणाला, "वाटणी कागदावरच होते. दुसरीकडे कुठे होते?"

"वाटणी नाही रे. सोय."

"हूं," दादा म्हणाला. त्या 'हूं'चा अर्थ 'नाही' होता. मला कळला, धाकट्याला कळला आणि धाकट्याने न कळल्यासारखं केलं. त्याने रंगाची नवी भट्टी हप्त्यावर घेतली होती, त्याला झोप लागत नव्हती. दादाने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली. मी म्हटलं ना, मेणाचा.

साहेब लोक बघायला येतील, तेव्हा दोन कारखाने दोन दिसले पाहिजेत, असं पळवाट म्हणाला. दोन दारं, विजेचे दोन मीटर, दोन पाट्या आणि मध्ये भिंत. विटांची भिंत महाग, म्हणून दादाने पत्र्याची घातली. खोटी भिंत, पण घालणारा दादा. एक सांधा वाकडा नाही की एक कड बोचरी नाही. मध्ये एक मोठी झडप ठेवली, खोकी पलीकडे सरकवायला. तपासणीच्या दिवशी झडप लावायची, एरवी उघडी. वर स्वयंपाकघरातही पळवाटच्या सल्ल्याने दुसरी शेगडी आणून ठेवली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, तिच्यावर पापड वाळवायला ताट ठेवायची.

निरीक्षक बाई आल्या, दोन्ही दारं बघितली, दोन्ही पाट्या वाचल्या. भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काम छान आहे." दादाचे कान लाल झाले. कौतुकाने झाले की शरमेने, ते मी विचारलं नाही. बाई गेल्या आणि धाकट्याने साऱ्या गल्लीला चहा पाजला. आम्ही सगळे फार हुशार आहोत असं आम्हाला तेव्हा वाटत होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पुढे झालं. भावांचा अर्ध्याहून अधिक माल शहरातला एक मोठा दुकानदार घ्यायचा. हा दुकानदार नव्या करात नोंदलेला. त्याने निरोप धाडला, "मला कराचं बिल द्या. तुमच्या साध्या चिठ्ठीवर मला वजावट मिळत नाही. माझा तोटा होतो. बिल देणार नसाल तर मी दुसरीकडून घेतो."

म्हणजे बाईंनी फळ्यावर जी साखळी काढली होती, तिच्यात माफीवाला माणूस कडीच नव्हता. तो साखळीच्या बाहेर, मोकळा, आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्याला भुर्दंड. सभेत आम्ही बोटं मोजत होतो, तेव्हा बाई बहुतेक हेच सांगत होत्या.

धाकटा पुन्हा पळवाटकडे धावला. पळवाट म्हणाला, तुझा भाग नोंदवून टाक, आपखुशीने नोंदवता येतो. थोरल्याचा मात्र नोंदवू नकोस. दोघं एकदम नोंदलात तर साहेब विचारतील, मग वेगळे झालात कशाला? आणि एकदा का कळलं की कारखाना मुळात एकच होता, तर पहिल्या दिवसापासूनचा सगळा कर दंडासकट. तेव्हा थोरले राहू देत माफीत.

अशी दादाची माफी पक्की झाली. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. धाकटा शहरातल्या दुकानदाराला जसं बिल देऊ लागला, तसं त्यालाही माल देणाऱ्यांकडून बिल लागायला लागलं. रंगाचं मिळत होतं, कुलपांचं मिळत होतं. खोक्यांचं मिळत नव्हतं, कारण खोकी माफीतल्या भावाकडून येत होती. दादाने पत्रा घेताना भरलेला कर दादापाशीच अडकून राहायचा. जो तोटा दुकानदाराला नको होता, तो आता धाकट्याच्या अंगावर आला, आणि तोट्याचं कारण पत्र्याच्या भिंतीपलीकडे बसून दारं घासत होतं.

आधी धाकट्याने खोक्याचा भाव कमी मागितला. दादाने केला. पुन्हा मागितला. पुन्हा केला. वहिनी एकदा मला म्हणाली, "ताई, हे पत्र्याच्या भावात खोकी देतात, हात फुकट." मी दादाला विचारलं तर म्हणाला, "त्याच्या भट्टीचे हप्ते आहेत." मी म्हटलं, "आणि तुझ्या पोटाचे?" तर म्हणाला, "शहाणे, चहा पाठव."

मग एक दिवस दुपारी गल्लीत ट्रक आला आणि मागच्या दारापाशी थांबला. मी शिवता शिवता बघितलं. ट्रकमधून खोकी उतरत होती. तयार खोकी, कुठल्या तरी मोठ्या कारखान्यातली, कराच्या बिलासकट. धाकटा पाठ करून उभा होता. त्याने दादाला सांगितलं नव्हतं. सांगणार होता म्हणे. उद्या, परवा, योग्य वेळ बघून. असल्या गोष्टींना योग्य वेळ नसते, हे त्याला इतक्या वयात कळायला हवं होतं, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे.

दादा झडपेत उभा राहून बघत होता. ट्रक रिकामा होईपर्यंत बघत होता. एक खोकं जवळच ठेवलं होतं, त्याचं दार त्याने बोटाने लोटलं. ते खाडकन आपटलं. त्याने झडप ओढून घेतली, कपाटातून रिबिटं काढली आणि आपल्या बाजूने एकेक ठोकत ती कायमची बंद केली. हातोड्याचा आवाज गल्लीभर जात होता. माझ्या दुकानात माप द्यायला आलेली बाई म्हणाली, "आज फार काम दिसतंय भावांकडे." मी म्हटलं, "हो."

त्या दिवसापासून दादा धाकट्याशी बोलेनासा झाला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. तेच वाईट. दादा ओरडला की समजावं, माणूस आपला आहे. परक्यांशी तो फार शांतपणे वागतो. आता जिन्यात धाकटा समोर आला की दादा बाजूला होऊन वाट द्यायचा, पाहुण्याला द्यावी तशी. वरच्या दुसऱ्या शेगडीवरचे पापड उतरले आणि तिच्यावर धाकट्याच्या बायकोचा भात शिजू लागला. कुणी ठरवलं नाही. एक दिवस वहिनीने दोघांपुरतंच रांधलं, धाकटीने ते बघितलं आणि मुकाट्याने शेगडी पुसली.

दादाकडे पत्र्याच्या बादल्या, पेट्या, पन्हाळी असलं किरकोळ काम उरलं. कुणी मोडलेली कडी घेऊन आलं तरी त्याच्यावर सकाळभर खपायचा. पुढे तर खुर्ची दारात टाकून बसू लागला. दादा कामाच्या वेळी खुर्चीवर बसलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला राग येत होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. करावर काढावा तर कर सरळ होता. वाकडे आम्ही गेलो होतो.

धाकटाही सुखात नव्हता. तो माझ्याकडे यायचा आणि ताकाला जाऊन भांडं लपवायचा. "ताई, हा सदरा जरा आखूड कर." सदरा चांगला मापात असायचा. मग इकडचं तिकडचं बोलून, "पुढच्या शेडमध्ये काल दिवा नव्हता." मी म्हणायचे, "नव्हता." मग, "गुडघा दुखतो का त्याचा अजून?" मी म्हणायचे, "पलीकडे राहतोस, जिना एकच आहे, जाऊन विचार." तो सदरा घेऊन निघून जायचा. दोघांमध्ये माझी फळी झाली होती, दोन्हीकडून पाय पडत होते.

शेवटी मी दुकान बंद करून कर खात्याच्या कचेरीत गेले. पळवाटला न विचारता. निरीक्षक बाईंना म्हटलं, "बाई, एक गोष्ट विचारायची आहे, माझ्या एका मैत्रिणीच्या भावांची." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पंखा माझ्या बाजूला वळवला. "सांगा ना, मैत्रिणीच्या," असं म्हणाल्या. मग सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हसल्या नाहीत, हे मी त्यांचे उपकार मानते.

त्या म्हणाल्या, रस्ते दोन आहेत. थोरल्यांनाही नोंदवायचं. ते बिल देऊ लागले की साखळी जुळली, धाकट्यांना बाहेरून खोकी आणायचं कारण उरत नाही. पण दोन्ही कारखाने एका छपराखाली, दोन सख्ख्या भावांचे. म्हणून दोघांनी बाईंसमोर एका जबानीवर सही करायची, की धंदा, घर, खाणंपिणं सगळं वेगळं आहे, एकमेकांच्या नफ्यातोट्याशी संबंध नाही. तशी सही झाली की मागचं काही निघत नाही. "आणि दुसरा रस्ता?" मी विचारलं. "दुसरा म्हणजे कारखाना एकच आहे असं कबूल करायचं. मग पहिल्या दिवसापासूनचा कर आणि वर दंड. हप्ते बांधून देता येतील, पण द्यावा लागेल." मग म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, सही खरी असेल तरच करा म्हणावं."

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं. तो खुर्चीवर बसून ऐकत होता. विचारलं, "दंड किती?" मी बाईंनी अंदाजे सांगितलेला आकडा सांगितला. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "धाकट्याला सांग, जबानीवर सही करू."

"दादा, त्यात काय लिहिलंय ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. त्याची भट्टी अजून फिटली नाही. दंड कुठून भरेल तो?"

त्या क्षणी मला त्याचा राग आला आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. आमच्याकडे गळ्यात पडायची पद्धत नाही. मी चहा पाठवते म्हटलं आणि उठले.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं कचेरीत गेलो. बसमध्ये दादा पुढे, धाकटा मागे, मी मध्ये उभी. जागा होती, तरी उभी. कचेरीत बाईंच्या टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. दादाने भिंतीकडची घेतली, धाकट्याने खिडकीकडची, म्हणजे मधली पुन्हा माझ्याच वाट्याला. बाईंनी जबानी वाचून दाखवली. आम्ही दोघं विभक्त आहोत. आमचं राहणं वेगळं, जेवण वेगळं, धंदा वेगळा. एकाच्या नफ्यातोट्याशी, देण्याघेण्याशी, भल्याबुऱ्याशी दुसऱ्याचा काही एक संबंध नाही आणि यापुढेही राहणार नाही. बाई एका सुरात वाचत होत्या, तरी शेवटाला त्यांचा आवाज जरा खाली आला.

दादाने तार बांधलेला चष्मा चढवला आणि सही केली. त्याची सही म्हणजे चित्र असतं, एकेक अक्षर वळवून काढलेलं. शाळा सुटली त्या वर्गातलं अक्षर तसंच राहिलं आहे. वेळ लागला. मग त्याने कागद माझ्यापुढून धाकट्याकडे सरकवला.

धाकट्याने पेन उचललं. सही करणारच होता. पेन कागदाला टेकलंही होतं. त्याची नजर शेजारच्या सहीवर गेली आणि तिथेच राहिली. मला वाटलं तो जबानी पुन्हा वाचतोय, पण तो ती अक्षरंच बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "वाचून केलीस?"

दादा बाईंकडे बघून म्हणाला, "त्याला सांगा, वाचून केली."

"भल्याबुऱ्याशी संबंध नाही, हे पण वाचलंस?"

"सांगा त्याला, वाचलं."

बाई बिचाऱ्या एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. धाकट्याने पेन खाली ठेवलं. त्याची हनुवटी हलायला लागली, लहानपणी हलायची तशी, आणि मी टेबलाच्या काचेकडे बघत राहिले.

"बाई, हे खोटं आहे," तो म्हणाला. "भिंत खोटी आहे. मी घालायला लावली. हा नाही म्हणत होता. कारखाना एकच आहे. याने खोकं करायचं आणि मी रंगवायचं, असंच होतं पहिल्यापासून. हा खोटी सही करतोय. याला खोटं येत नाही, माझ्यासाठी करतोय. तुम्ही फाडा तो कागद."

बाई शांतपणे म्हणाल्या, "असं लिहून घेतलं तर मागचा सगळा कर लागेल. दंडही. नीट विचार करा. सही करून बाहेर पडलात तर एक पैसा लागणार नाही."

"लागू दे," धाकटा म्हणाला. "भट्टी विकीन."

आणि दादा उठून उभा राहिला. खुर्ची मागच्या मागे कपाटावर आपटली. "भट्टी विकीन?" तो म्हणाला. धाकट्याकडे बघून म्हणाला, सरळ त्याच्या डोळ्यांत. "बापाची पेंड आहे का भट्टी? विकीन म्हणे. अजून फिटली नाही ती, अर्धी तुझी नाहीच, ती काय विकणार तू? अक्कल आहे का? गप सही करायची सोडून शहाणपणा. आकडा ऐकलास का दंडाचा? कान आहेत का जागेवर?"

पलीकडच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. शिपाई दारात येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला हातानेच जा म्हणून खुणावलं.

"आणि ती खोकी," दादा थांबेना, "ती आणलेली खोकी. बघितलीस का त्यांची दारं? बिजागरीला तीन टाके आणि पैसे चौपट. असला माल विकतोस? माझ्या नाकासमोर? ट्रक काय आणतोस, मला विचारायला तोंड नव्हतं तुला?"

"नव्हतं," धाकटा म्हणाला.

"नव्हतं म्हणे. मग खायला कुठून येतं तोंड?"

बाईंनी दादाच्या सहीचा कागद हळूच ओढून घेतला, दोन तुकडे केले आणि नवा कागद पुढे घेतला. मला विचारलं, "एकच लिहू ना?" मी मान हलवली. त्यांनी लिहिलं, दंडाचे हप्ते मांडले, दोघांच्या सह्या घेतल्या. दादा सही करतानासुद्धा बोलत होता. अक्षर एरवीसारखं वळणदार आलं नाही.

कचेरीतून बाहेर पडलो तेव्हा बस गेलेली होती आणि दादा म्हणाला, पुढच्या बसचे पैसे कशाला, चालू. घर बरंच लांब होतं. दंडात बुडालेला माणूस बसभाड्यात वाचवणार होता. आम्ही चालायला लागलो. दादा पुढे आणि तोंडाचा पट्टा चालू. पळवाटचा उद्धार झाला, भट्टीचा झाला, भट्टी हप्त्यावर देणाऱ्याचा झाला. मग धाकट्याने लहानपणी कुठली तरी सायकल विकून टाकली होती, ती निघाली. मग धाकट्याचं लग्न, त्यात झालेला खर्च. रस्त्यातले लोक थांबून बघत होते. माझ्या ओळखीचे दोघं तिघं भेटले. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

पुलापाशी आल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं आता पुरे, लोक काय म्हणतील, आणि दादाला हाक मारायला पुढे झाले. तेवढ्यात धाकट्याने माझा दंड धरला. त्याचा चेहरा पार ओला झाला होता आणि तो पुसण्याचं त्याला भान नव्हतं.

"ताई, थांबवू नकोस," तो म्हणाला. "बोलू दे त्याला."

मी मागे झाले. पुढे दादा मागे न बघता बोलत होता. आता दर महिन्याचा हिशेब कोण भरणार, यावर तो आला होता, आणि ते काम आम्हा दोघांपैकी कुणाला जमणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.